स्नेहसंमेलनातली नऊवारी

त्या रविवारी मी स्टेजच्या मागे गेले ती फुगे द्यायला. दोन फुगे, लांब केसांचा एक टोप, लाल लिपस्टिक आणि इलॅस्टिक लावून शिवलेली तयार साडी, असं सगळं मी एका कापडी पिशवीत भरलं होतं. पिशवीवर चिठ्ठी टाचली होती: ‘नऊ, विनोदी’. आठव्या क्रमांकाचं समूहगीत स्टेजवर चालू होतं. म्हणजे माझ्या हातात चार मिनिटं होती.

पडद्यामागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत एक बाई आरशासमोर उभी होती आणि दुसरी तिच्या मागे गुडघ्यांवर बसून कासोटा नीट करत होती. बसलेल्या बाईच्या ओठांत तीन-चार पिना धरलेल्या होत्या. एकमेकींना साडी नेसवताना आम्ही बायका धरतो तशाच. मला वाटलं, खोली चुकली. ‘सॉरी’ म्हणून दार ओढून घेणार, तोच आरशासमोरच्या बाईनं मान वळवली आणि आमच्या क्वालिटीतल्या इन्स्पेक्टरच्या आवाजात म्हणाली, “मॅडम, दोनच मिनिटं. पदर राहिलाय.”

पिशवी माझ्या हातातच राहिली. खाली बसलेली होती ती त्याची बायको. तिनं पिना तोंडात असल्यामुळे नुसतीच मान हलवून मला नमस्कार केला.

आमची कंपनी चाकणला आहे. गाडीच्या आतून ज्या वायरी फिरतात त्यांचे जुडगे आम्ही बनवतो. वायरी बोर्डावर मांडायच्या, टेप गुंडाळायची, टोकांना कनेक्टर बसवायचे, असं सगळं बोटांचं काम. म्हणून जुळणीच्या लाइनवर सगळ्या बायका, आणि प्रेस शॉप, स्टोअर, डिस्पॅच इकडे पुरुष. मी कामगार कल्याणाचं बघते. युनिफॉर्म, बसचे थांबे, कॅन्टीनच्या तक्रारी, आणि जानेवारीत स्नेहसंमेलन. आमची सुट्टी गुरुवारची. पण मुलांना येता यावं म्हणून संमेलन रविवारी ठेवतो आणि त्या बदल्यात गुरुवारी काम करतो. मंगल कार्यालय ठरवण्यापासून शेवटच्या माणसाला बसमध्ये बसवेपर्यंत सगळं माझ्या यादीवर चालतं. मॅडमच्या यादीत नाही ते कंपनीत घडत नाही, असं लोक चेष्टेनं म्हणायचे, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

त्या यादीत एक गोष्ट दरवर्षी असायची: साडी नेसलेला पुरुष. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण तो नसता तर लोकांनी विचारलं असतं. आमचा स्टोअरकीपर नऊ वर्षं नवरी होत आलेला. पोट सुटलेलं, मिशी तशीच, साडी घोट्याच्या वर आणि खाली सेफ्टी शूज. तो पदर दातात धरून लाजला की लोक हॉल डोक्यावर घ्यायचे. एका वर्षी त्याचा एक फुगा निसटून पुढच्या रांगेत साहेबांच्या, म्हणजे आमच्या प्लांट हेडच्या मांडीवर पडला, तेव्हा साहेबच सगळ्यात जास्त हसले होते. माझ्या सासूबाई एकदा आल्या होत्या. ज्यांनी माझ्या पंजाबी ड्रेसवरून महिनाभर अबोला धरला होता, त्यासुद्धा त्या दिवशी डोळे पुसत हसल्या.

यंदा नावं नोंदवायला इन्स्पेक्टर आला. पस्तिशीचा, मराठवाड्यातून आलेला, कमी बोलणारा, शर्टाचं गळ्याचं बटणही लावणारा माणूस. पिंपरीहून माझ्याच बसला असायचा. लाइनवर तयार झालेला प्रत्येक जुडगा त्याच्या टेबलावरून जायचा, आणि एप्रिलपासून त्याच लाइनचा लीडर त्याला करायचं ठरलं होतं. या जागेसाठी तो पाच वर्षं थांबला होता. पत्र मीच टाइप करून साहेबांच्या फोल्डरला लावलं होतं. फक्त सही राहिली होती, आणि हे त्यालाही माहीत होतं.

“काय करणार?” मी विचारलं.

“नाच. लावणी आहे. साडीतली.”

“साडी आमच्याकडे तयार असते.”

“नको मॅडम. माझी मी आणतो.”

मी लिहिलं: साडी स्वतःची. पुढे रकाने तीन होते: गायन, नृत्य, विनोदी. त्यानं ‘नाच’ हा शब्द उच्चारला होता, नृत्याचा रकाना शेजारीच मोकळा होता, आणि मी विनोदीवर खूण केली. विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असं मनातही आलं नाही. साडी, पुरुष, विनोदी. स्टोअरकीपरला या वर्षी निवेदनाचं काम दिलं आणि माझ्या दृष्टीनं तो विषय संपला.

शनिवारी इन्स्पेक्टर मिशी काढून कामावर आला. बसमध्ये एकदम शांतता झाली. मिशी अशी अचानक गेली की आमच्याकडे लोक एकच अर्थ काढतात. शेवटी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून कुणीतरी हळू आवाजात विचारलं, “राव, घरी वडील बरे आहेत ना?”

“बरे आहेत,” तो म्हणाला. “सगळे बरे आहेत.”

मीही सुटकेचा श्वास सोडला आणि पुढचा थांबा तपासायला लागले.

तर खोलीच्या दारात मी उभी. त्याच्या अंगावर हिरवी नऊवारी, लाल काठ, बाह्यांना जर लावलेला ब्लाऊज. अंबाडा, त्यावर गजरा. नाकात नथ, पण चेहऱ्यावर रंग बेताचा. त्यानं माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. चिठ्ठी त्याच्या बाजूला होती. त्यानं ती वाचली असणार, कारण अक्षरं मोठी काढायची मला सवय आहे. बायकोनं शेवटची पीन खांद्यावर लावली, दोन पावलं मागे सरून पाहिलं, आणि त्याच्या पाठीवर हलकी थाप मारली. मी पिशवी घेऊन परत पुढच्या रांगेत जाऊन बसले.

तो स्टेजवर आला तेव्हा लोक हसायच्या तयारीनंच बसले होते. मागून एक शिट्टी आली, “आली रे आली” अशी आरोळी आली. तो मध्यभागी येऊन खाली बसला, पदर मांडीवर पसरला, आणि संगीत सुरू झाल्यावर फक्त मनगट फिरवलं. मग मान. मग डोळे. घुंगरू वाजले ते बऱ्याच वेळानं. मी हशाची वाट बघत होते. कुठं पाय अडकेल, कुठं गजरा सुटून पडेल, कुठं तो लोकांकडे बघून डोळा मारेल. तसं काहीच झालं नाही.

मग एक गोष्ट घडली. मी ती जशी आठवते तशीच लिहिते. काही क्षण मी विसरले की तो तो आहे. माझ्या मनात एवढंच आलं की या बाईचा पदर किती छान बसलाय, मला आयुष्यात असा जमला नाही. आणि लगेच आठवलं की ही बाई नाही, या माणसानं परवा माझ्याशी बसच्या वेळेबद्दल वाद घातलाय. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली सपाट फरशी यावी, तसं सबंध अंगातून काहीतरी गेलं. चेहरा गरम झाला. मला राग आला, आणि तो कुणाचा ते कळेना. मला फसवल्यासारखं वाटत होतं, पण फसवलं कुणी होतं? त्यानं सांगितलं होतं. नाच, लावणी, साडी माझी.

मी उठले. साउंडवाला डाव्या बाजूला बसला होता. त्याच्याकडे जाऊन म्हटलं, “पहिलं कडवं संपलं की बंद करा. वेळ नाही.”

वेळ होता. यादीप्रमाणे आम्ही सहा मिनिटं पुढे होतो.

गाणं हळूहळू बारीक होत बंद झालं. इन्स्पेक्टर एक हात वर, एक कमरेवर असा थांबला. एक क्षण साउंडवाल्याकडे पाहिलं, मग हात खाली घेतले, वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. एकही टाळी वाजली नाही. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये फक्त त्याचे घुंगरू विंगेत जाईपर्यंत ऐकू येत होते. स्टोअरकीपरनं धावत येऊन माइक घेतला आणि म्हणाला, “मंडळी, घाबरू नका. पुढच्या वर्षी मीच आहे.” तेव्हा कुठं लोक हसले, आणि जरा जास्तच हसले.

संत तुकाराम नगरला घरी पोचल्यावर मी नवऱ्याला सांगायला लागले. आमचा इन्स्पेक्टर नऊवारी नेसला, एवढं म्हणेपर्यंतच तो हसायला लागला. “मग? खूप हसले का लोक?”

“कुणी हसलं नाही.”

“का? जमलं नाही त्याला?”

“जमलं,” मी म्हटलं. नवरा हसायचा थांबला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे संमेलनाचा अहवाल लिहिला. त्यात दोन भाग असतात: काय बरं झालं आणि पुढच्या वेळी काय टाळायचं. टाळायच्या भागात सात मुद्दे होते. चहा कमी पडला. बायकांकडच्या स्वच्छतागृहात पाणी गेलं. दुसरी बस चुकीच्या दारात लागली. असं करत सहावा मुद्दा: ‘पुरुष कर्मचाऱ्याचं साडीतलं गंभीर नृत्य. महिला कर्मचाऱ्यांना अवघडल्यासारखं झालं.’ सातवा मुद्दा माइकच्या बॅटरीचा. अहवाल साहेबांना पाठवला, आणि खरं सांगायचं तर तो पाठवल्यावर मला बरं वाटलं. जे काही अंगातून गेलं होतं ते क्रमांक घालून कागदावर बसलं होतं.

बसमध्ये त्याचे हाल सुरू झाले. “वहिनी, लेडीज सीट मोकळी आहे, बसा की.” “भावा, नथ घरी विसरलास का?” कुणीतरी गजऱ्याचा वापरलेला दोरा त्याच्या डब्याच्या पिशवीला बांधला. तो खिडकीशी बसायचा, दोरा सोडून खिडकीतून टाकायचा, आणि बाहेर बघत राहायचा. सगळ्यात पुढे होता स्टोअरकीपर. एकदा मी न राहवून त्याला म्हटलं, “तुम्ही कशाला बोलता? तुम्ही तर नऊ वर्षं नेसताय.”

“मॅडम, आपलं वेगळं आहे,” तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. “आपण नेसलो तरी आपण पुरुष आहोत हे लांबून कळतं. यानं म्हणजे राव, कळूच दिलं नाही.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. माझ्या मनात नेमकं हेच होतं, आणि ते स्टोअरकीपरच्या तोंडून ऐकताना फार वाईट वाटलं.

मार्चच्या सुरुवातीला साहेबांनी बोलावलं. टेबलावर फोल्डर उघडा होता. वर त्याचं पत्र, बिनसहीचं, आणि खाली माझा अहवाल. सहाव्या मुद्द्याखाली लाल रेघ.

“याचं थांबवतोय,” साहेब म्हणाले. “दुसरं कुणी सुचवा.”

“कशामुळे, साहेब?”

त्यांनी चष्म्यातून वर पाहिलं. “तुम्हीच लिहिलंय की. बायकांना अवघडतंय. चाळीस बायकांची लाइन आहे. उद्या एखादीनं तक्रार केली तर मी काय उत्तर देऊ? माझं त्याच्याशी काही वैर नाही. माणूस कामाला चोख आहे.”

“पण साहेब, ते संमेलनापुरतं...”

“चार-पाच जणींच्या सह्या घ्या या मुद्द्यावर. फाइलला राहील. मग त्याला लेखी कळवायला बरं पडतं.”

मी बाहेर आले आणि पाण्याच्या कूलरपाशी उभी राहिले. मला आठवायचा प्रयत्न करत होते की त्या वाक्यासाठी मी नक्की कुणाला विचारलं होतं. एकही चेहरा आठवेना. चहा कमी पडला हे मी दोन कॅन्टीनवाल्यांना विचारून लिहिलं होतं. पाणी गेलं हे स्वतः पाहिलं होतं. बसचं ड्रायव्हरला विचारलं होतं. सात मुद्द्यांतला हा एकच मुद्दा मी कुणालाही न विचारता लिहिला होता, आणि त्यावर एका माणसाची पाच वर्षं अडकली होती.

जेवणाच्या सुट्टीत कागद घेऊन लाइनवर गेले. बायका बोर्डांच्या मधल्या जागेत डबे उघडून बसल्या होत्या. लाइनवरची सगळ्यात जुनी बाई मावळातल्या गावची. तिला सगळ्या काकी म्हणतात, मीही म्हणते. तिनं सरकून मला जागा दिली आणि कागदाकडे बोट केलं.

“कसली सही?”

मी वाक्य वाचून दाखवलं.

“कुनाला अवघाडलं?” काकीनं विचारलं.

बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

“म्हणजे तुम्ही सगळ्या एकदम शांत झालात,” मी म्हटलं. “एकीनं टाळी वाजवली नाही.”

“वाजवनार व्हतो की,” काकी म्हणाली. “तुमी उठला न्हवं? आमी तुमचं त्वांड बघितलं. म्हनलं, म्याडम भडकल्यात, काय तरी झालंय. मग कोन वाजवतंय.”

“मी तर शिट्टी मारणार होते,” पलीकडची एक म्हणाली. “तोंडात बोटं घातलेली. तुम्ही साउंडवाल्याकडे निघालात, तशी बोटं काढली.”

“मला वाटलं, लाइट जाणार आहे.”

“मला वाटलं, साहेबांना काही झालं.”

“त्याला विचारा ना मॅडम, ब्लाऊज कुणी शिवला. बाहीची फिटिंग बघितली का?”

“बायकोनं. ती शिवते, मी तिला विचारलं पण.”

मी डब्यांच्या मधोमध कागद धरून बसले होते. त्या हॉलमधली शांतता दोन महिने मी साक्ष म्हणून सोबत घेऊन फिरत होते. लोकांना आवडलं नाही याचा तोच तर माझ्याकडचा पुरावा. आणि ती शांतता माझीच होती. मी उठले म्हणून झालेली. पुढच्या रांगेत खुर्ची सरकवणारी मी, आणि मागे वळून ‘बघा, सगळे गप्प आहेत’ म्हणणारीही मीच. हातातला कागद मला अक्षरशः जड लागला.

सगळ्यांना आवडलं होतं असंही नाही. कोपऱ्यातली एक, लग्न होऊन वर्षच झालेली, म्हणाली, “मला नाही आवडलं मॅडम. माझे सासरे आले होते. घरी गेल्यावर म्हणाले, असल्या कंपनीत जातेस का तू. मला ऐकून घ्यावं लागलं.”

“मग सही करतेस?” मी विचारलं.

तिनं हातातला घास डब्यात परत ठेवला. “लीडर झाला तर मला काय त्रास आहे? त्यानं माझा बोर्ड कधी उगाच रिजेक्ट केला नाही. चूक असेल तर जवळ येऊन दाखवतो, लांबून ओरडत नाही. नको. सही नाही करत.”

काकीनं डब्याचं झाकण लावलं. “आमाला प्यांटी दिल्या तवा आठवतंय का, म्याडम? हितंच लायनीवर मापाची टेप घिऊन उभ्या व्हता तुमी. आमी लाजून मरत व्हतो. माज्या मालकानं दोन दिस तोंड फिरवलं. तुमी काय म्हनला?”

आठवत होतं. साडीचा पदर यंत्रात अडकतो म्हणून मी बायकांना शर्ट-पँट लागू केली होती. कमरेच्या मापांची यादी केली होती. रडणाऱ्या दोघींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, कापड आहे, सवय होईल. त्या पँटी शिवल्या होत्या पुरुषांच्याच पँटच्या नमुन्यावरून. त्या दिवसापासून एकाही बाईला कुणी पुरुषाचं सोंग म्हटलं नाही. मी तर त्याचं श्रेय घेत आले होते.

संध्याकाळी शिफ्ट सुटताना मी इन्स्पेक्टरच्या टेबलाशी गेले. तो दिव्याखाली एक जुडगा धरून टेपची टोकं तपासत होता. मी आडपडदा ठेवला नाही. अहवालात ती ओळ मी लिहिली, तिच्यामुळे तुमचं पत्र थांबलंय, आणि ती ओळ खोटी आहे, असं सरळ सांगितलं.

“माहिती आहे,” तो म्हणाला.

“काय माहिती आहे?”

“साहेबांनी दाखवला तो कागद. पंधरा दिवस झाले.”

पंधरा दिवस. या पंधरा दिवसांत रोज सकाळी बसमध्ये चढताना त्यानं मला गुड मॉर्निंग म्हटलं होतं. एकदा माझी डब्याची पिशवी वर ठेवून दिली होती. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? अहवाल तुमचा, पत्र तुमच्याकडं.” त्यानं जुडगा खाली ठेवला, दुसरा उचलला. “गाणं पण तुम्हीच बंद केलं. स्टेजवरून पुढची रांग स्पष्ट दिसते, मॅडम.”

“माझं चुकलं.”

त्यानं टेपच्या टोकावरून अंगठा फिरवला. “लीडरचं होईल नाही तर नाही होणार. राग मला त्याचा नाही.” त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. “दुसरं कडवं राहिलं. पहिल्यात नुसतं बसणं-बघणं आहे, खरं काम दुसऱ्यात होतं. तीन महिने बसवत होतो ते. बायको समोर मोबाइल धरून उभी राहायची, रोज, स्वयंपाक आटपून. लोकांनी अर्धंच बघितलं आणि त्यावरच ठरवलं. माल अर्धा बघून मी रिजेक्ट केला तर चालेल का तुम्हाला?”

मी म्हटलं, नाही चालणार.

“कुठं शिकलात हे?” मी विचारलं.

“ते सांगण्यासारखं आहे,” तो म्हणाला. “पण तुम्हाला आज नाही सांगणार.”

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे नवा कागद ठेवला. ‘मुद्दा क्रमांक सहा रद्द करावा. महिला कर्मचाऱ्यांना विचारलेलं नव्हतं. अवघडल्यासारखं मला झालं होतं.’ खाली माझी सही. हे शेवटचं वाक्य लिहायला मला मूळ मुद्दा लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

साहेबांनी दोनदा वाचलं. “तुम्हाला? तुम्हाला कशाला अवघडलं?”

“मला माहीत नाही, साहेब,” मी म्हटलं, आणि ते खरं होतं. पदर छान बसला होता म्हणून, असं प्लांट हेडला कसं सांगणार?

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, “ठीक आहे. पत्र देऊ. पण एक ओळ घाला खाली. कंपनीच्या कोणत्याही कार्यक्रमात स्त्रीवेषात सादरीकरण करणार नाही. त्याची सही घ्या. म्हणजे विषयच नको.”

मी टेबलावर जाऊन टाइप करायला लागले. ‘कंपनीच्या कोणत्याही कार्यक्रमात स्त्रीवेषात’ इथपर्यंत आल्यावर माझ्या लक्षात आलं की बोटं आपोआप चालली आहेत. नवी अट आली की ती नीट ओळीत बसवायची, एवढंच त्यांना माहीत होतं. मी पुन्हा साहेबांकडे गेले.

“साहेब, मग हाच कागद स्टोअरकीपरलाही द्यावा लागेल.”

“त्याला कशाला?”

“नऊ वर्षं नेसतोय. नियम सगळ्यांना सारखा पाहिजे, नाही तर उद्या प्रश्न येईल.”

“त्याचं वेगळं आहे हो. ती गंमत असते.”

“मग तसं लिहू का? स्त्रीवेष गमतीत चालेल, नीट नेसलेला चालणार नाही? नीट म्हणजे किती नीट, तेही लिहावं लागेल. तपासणार कोण, तेही.”

मी हे टोमणा म्हणून बोलत नव्हते. ओळ लिहायची तर ती कुणालाही वाचून कळली पाहिजे, आणि मला खरंच ती लिहिता येत नव्हती. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या मनात त्या वेळी फुग्याची आठवण आली असावी, कारण त्यांचे कान लाल झाले.

“राहू द्या,” ते म्हणाले. “ओळ काढा.”

पत्र मुख्य कार्यालयातून फिरून यायला मे उजाडला. तोपर्यंत बसमधली चेष्टा ओसरली होती, संपली नव्हती. सीटवरून कुणीतरी अजून ‘वहिनी’ म्हणायचं, आणि तिघे-चौघे हसायचे. लाइनवर एक महिना लीडरविना गेला आणि काकीनं तो कसाबसा ओढला.

मी त्याला माझ्या टेबलापाशी बोलावून पत्र दिलं. त्यानं ते बसून वाचलं, माल तपासतो तसं, बोट प्रत्येक ओळीखाली ठेवत. मग पान उलटलं. मागची बाजू कोरी होती.

“अजून काही कागद आहे का, मॅडम? सही करायचा?”

“नाही. एवढंच.”

त्यानं कोरी बाजू पुन्हा एकदा, उजेडाकडे धरून पाहिली. मग पत्रावर सही केली, माझी प्रत मला दिली, आणि माझ्याकडे न बघता लाइनच्या दिशेनं चालू लागला.